सभाधीटपणा किती रुपयांना पडतो?

नाव पुकारले की हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, पाठ केलेले भाषण ऐन वेळी आठवत नाही. यावर खात्रीचा इलाज म्हणजे लोकांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहणे. म्हणून कुठेही पैसे भरण्यापूर्वी विचारा: ‘एवढ्या पैशांत मी स्वतः किती वेळा बोलणार?’ एकूण खर्चाला त्या आकड्याने भागा. येईल तो खरा भाव.

फुकटात काय होते?

बरेच काही. गावात असाल तर ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. शहरात सोसायटीची वार्षिक सभा आहे, ती 30 सप्टेंबरपर्यंत होते. शिवाय शाळेची पालकसभा, गणेश मंडळाचा बक्षीस समारंभ. सुरुवातीलाच भाषण मागू नका, आभारप्रदर्शन मागा. काम दोन मिनिटांचे, आणि हातात नावांचा कागद धरलेला चालतो.

आठवडाभर रोज दहा मिनिटे तयारी करा: उभे राहून, मोठ्याने, मोबाइलवर रेकॉर्ड करत. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे वाक्य पाठ करा. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. सभेच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा, माइकवर एक वाक्य बोलून पाहा, पाणी जवळ ठेवा, कॉफी टाळा. नाव पुकारण्याआधी चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडा.

क्लब

टोस्टमास्टर्स ही भाषणाचा सराव करणाऱ्यांची 1924 पासूनची संस्था. पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत तिचे क्लब आहेत. पाहुणे म्हणून गेलात तर सहसा पैसे पडत नाहीत, म्हणून दोन-तीन क्लब आधी पाहून घ्या. सदस्य झालात तर आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा महिन्यांना 60 डॉलर, नव्या सदस्याला एकदाच 20 डॉलर वेगळे. त्यावर क्लबची स्थानिक वर्गणी लागू शकते, म्हणून सगळे मिळून रुपयांत किती, हे लेखी घ्या. बैठका आठवड्याला की पंधरवड्याला, मराठीत की इंग्रजीत, हेही विचारा. पहिले भाषण चार ते सहा मिनिटांचे असते.

खासगी क्लास

सर्वात जास्त फसगत इथे होते. जाहिरातीत 15,000 रुपये, पावती फाडताना 18 टक्के जीएसटी धरून 17,700. जीएसटी लावत असतील तर पावतीवर त्यांचा जीएसटी क्रमांक हवा. पुस्तके, प्रमाणपत्र, ‘पुढची लेव्हल’ यांचे वेगळे पैसे आहेत का, ते विचारा. बॅचमध्ये किती जण, हे तर विचाराच: दोन तासांच्या वर्गाला चाळीस जण असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी तुमच्या वाट्याला तीनच मिनिटे येतात. एक तास बसून पाहू दिला नाही तर पैसे भरू नका. फी हप्त्याने द्या आणि परताव्याची अट लिहून घ्या. पावती नाकारली किंवा लेखी ठरलेला परतावा दिला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

डॉक्टर केव्हा?

भीतीपायी बढती नाकारलीत, तोंडी परीक्षा चुकवलीत, सहा महिने उलटूनही फरक नाही, तर हा नुसता लाजाळूपणा समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा: चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही, कागदपत्रांशिवाय. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे दिवस आधी विचारा आणि ओळखपत्र सोबत न्या. खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. एका सत्राची फी किती आणि साधारण किती सत्रे लागतील, हे फोनवरच स्पष्ट करून घ्या. आरोग्य विम्यावर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळत नाही.

हे आडमार्ग टाळा

मित्राने दिलेली प्रोप्रानोलॉलची गोळी घेऊ नका. ती छातीची धडधड आणि हातांची थरथर कमी करते, हे खरे. पण दमा असलेल्याच्या ती जिवावर बेतू शकते. रक्तदाब किंवा नाडी मुळातच कमी असेल, मधुमेहाची औषधे चालू असतील, तरीही धोका आहे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. धीर यावा म्हणून दारूचा घोट तर नकोच. जीभ अडखळते आणि पुढच्या वेळीही घोटाची गरज वाटू लागते.

‘एका दिवसात भीती गायब’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आधी तीन महिने फुकटच्या सभांना द्या आणि किती वेळा बोललात, ते वहीत मांडत जा. पुढच्या सभेच्या आयोजकांना आजच फोन करा आणि सांगा, ‘आभार मी मानतो’ किंवा ‘आभार मी मानते’.