संगणकयुगातील लेखापालाचे शिक्षण

द्विनोंदी हिशेबपद्धतीचे विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात केले. प्रत्येक व्यवहाराला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात, हे तत्त्व आजही कायम आहे. रोजकीर्दीवरून खतावणीत आणि खतावणीवरून तेरजेत रकमा उतरविण्याचे काम मात्र आता संगणक करतो. त्यामुळे लेखापालाची गरज कमी झाली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

तेरीज जुळली, तरीही

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक, असे लेखाशास्त्र कधीच मानीत नाही. जो व्यवहार लिहिलाच गेला नाही, त्याच्यामुळे तेरीज बिघडत नाही. योग्य रक्कम चुकीच्या खात्यावर पडली, तरीही ती जुळतेच. संगणक दिलेल्या नोंदींची बेरीज अचूक करतो. न दिलेल्या नोंदीविषयी तो आपणहून काही सांगू शकत नाही.

मुंबईतील एका घटनेने हे सर्वांच्या निदर्शनास आणले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार उघडकीस आला. परदेशातून कर्ज मिळविण्यासाठी लागणारी हमीपत्रे स्विफ्ट या संदेशयंत्रणेद्वारे पाठविली जात होती. परंतु बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या जोडण्यासाठी बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली. फट राहिली होती ती दोन यंत्रणांमधील सांध्यात. असा सांधा ओळखण्यासाठी हिशेब आणि संगणक या दोहोंचे ज्ञान एकाच व्यक्तीजवळ असावे लागते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

अशा तज्ज्ञाच्या शिक्षणात चार गोष्टींचा समावेश आवश्यक आहे. पहिली, व्यवहाराचा प्रवास. खरेदीची मागणी निघाल्यापासून रक्कम अदा होईपर्यंत कागद व नोंद कोणाकोणाच्या हातून जातात, याचा नकाशा विद्यार्थ्याला काढता आला पाहिजे. दुसरी, अधिकारांची विभागणी. नोंद करणारा आणि तिला मंजुरी देणारा एकच असू नये, हा जुना नियम संगणकावर परवलीचे शब्द व अधिकारस्तर यांच्या साहाय्याने पाळावा लागतो. तिसरी, बदलांचा माग. १ एप्रिल २०२३ पासून संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या भारतातील कंपन्यांना, प्रत्येक व्यवहाराचा माग व प्रत्येक बदल तारखेसह नोंदविणारी आणि ही सोय बंद करता येणार नाही अशी प्रणाली वापरणे बंधनकारक झाले. हा माग वाचता येणे हे लेखापरीक्षकाचे कौशल्य होय. चौथी, ताळमेळ. विद्यार्थ्यांना पाठविलेल्या संदेशांची एक यादी व खतावणीतील नोंदींची दुसरी यादी द्यावी आणि एकीत असून दुसरीत नसलेली बाब शोधावयास सांगावी. हा साधा पाठ कित्येक व्याख्यानांहून अधिक शिकवून जातो.

या ज्ञानशाखेसाठी सोयी उपलब्ध आहेत. भारतीय सनदी लेखापाल संस्था आपल्या सभासदांसाठी माहितीप्रणाली लेखापरीक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालविते. याच विषयातील ‘सिसा’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र १९७८ पासून प्रचलित आहे. तथापि, हे शिक्षण उच्च पात्रतेपुरते मर्यादित राहता कामा नये. सहकारी पतसंस्था, बाजार समिती, नगरपालिका येथील हिशेबही आता संगणकावर आले आहेत आणि ते सांभाळणारे कर्मचारी बहुधा वाणिज्य शाखेचे पदवीधर असतात. वाणिज्य महाविद्यालयांत केवळ एखादी संगणकप्रणाली चालविण्यास शिकविणे त्यांच्यासाठी पुरेसे नाही. प्रणाली काही वर्षांत बदलते. नोंदीमागील पुरावा मागण्याची सवय मात्र आयुष्यभर उपयोगी पडते.

सामान्य ठेवीदाराला खतावणी दिसत नाही आणि संगणकाचे अंतरंगही दिसत नाही. त्याचा विश्वास या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसावर असतो. तो माणूस सुशिक्षित आणि सावध असणे, यातच त्या विश्वासाचे रक्षण आहे.