सॉफ्टवेअरचं मार्गदर्शक टिपण कसं लिहावं? – शिक्षक आणि पालकांसाठी



आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण आपल्या रोजच्या कामातलाच आहे. सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लिहून ठेवणं, याला कंपन्यांत डॉक्युमेंटेशन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी वेगळे पगारी लेखक असतात. आपल्याकडे हे काम कोण करतं? केंद्रातला जो शिक्षक ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून ओळखला जातो, तो. २०१५ मध्ये सरल आलं तेव्हापासून माहिती कशी भरायची याची शेकडो टिपणं महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी लिहिली, एकमेकांना पाठवली आणि त्यावरच कामं निभावली. मीही लिहिली. त्यातलं एक कसं चुकलं, तिथूनच सुरुवात करतो.

विद्यार्थ्यांची माहिती एका पोर्टलवर अद्ययावत करायची होती. मी बारा पायऱ्यांचं टिपण तयार करून ग्रुपवर टाकलं. सातवी पायरी होती, ‘माहिती भरून झाल्यावर फायनल बटण दाबा.’ आठव्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘टीप : फायनल केल्यावर शाळेच्या लॉगिनवरून दुरुस्ती करता येत नाही, म्हणून जन्मतारीख आधी निर्गम उताऱ्याशी ताडून पाहा.’ मला वाटलं, किती काळजीने लिहिलंय!

आपल्याच जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या मॅडम मोबाईलवर ते टिपण उघडून शेजारी लॅपटॉपवर काम करत होत्या. एक पायरी वाचायची, ती करायची, मग पडदा वर सरकवायचा. सातवी पायरी वाचली, बटण दाबलं, पडदा सरकवला आणि मग टीप दिसली. एका मुलीच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडले होते. ते दुरुस्त करायला अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र, तालुक्याच्या फेऱ्या, सगळं झालं. मॅडम फोनवर मला एवढंच म्हणाल्या, “सर, तुमचं वाचत वाचतच केलं हो.”

चूक त्यांची नव्हती. सूचना वाचणारा माणूस आधी पूर्ण वाचून मग कामाला बसत नाही, तो वाचता वाचता करत असतो. म्हणून मागे फिरता येत नाही अशा पायरीचा इशारा त्या पायरीच्या आधी हवा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर आपण सूचना वरच छापतो ना? पण टिपण लिहिताना मी माझ्या डोक्यातला क्रम लिहिला, वाचणाऱ्याच्या हातातला नाही.

त्यानंतर मी या विषयावर शोधाशोध केली. सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प साधारण दहा-दहा मिनिटांच्या व्हिडिओंतून लिबरऑफिस, लिनक्स, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. मराठीतही बरेच पाठ आहेत. पडद्यावरचं चित्र तेच राहतं, निवेदन मराठीत होतं. तुम्ही पाठ पाहिले असतील, पण ते तयार कसे होतात हे आपल्या जास्त कामाचं आहे.

त्यांची संहिता दोन रकान्यांत लिहिलेली असते. डावीकडे पडद्यावर काय दिसतं किंवा कुठे क्लिक होतं ते, आणि उजवीकडे त्या वेळी काय बोलायचं ते. हा साधा तक्ता वहीत आखून पाहा. मी माझं जुनं टिपण त्यात बसवायला गेलो तर तीन ठिकाणी डावा रकाना रिकामाच राहिला! ‘नेहमीप्रमाणे लॉगिन करा’ असं लिहिलं होतं, पण लॉगिन कोणत्या पानावर, युडायस क्रमांक टाकायचा की मोबाईल नंबर, काहीच नाही. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द मी आता टिपणातून हद्दपार केला आहे. ज्याला नेहमीचं माहीत आहे त्याला आपल्या टिपणाची गरजच नसते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संहिता विषयाच्या जाणकाराकडून तपासली जातेच, पण ती एका नवख्या माणसाकडूनही तपासून घेतात. ज्याने ते सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, त्याला फक्त संहितेवरून काम जमतं का, हे बघायचं. हे मी घरीच करून बघितलं. नवं टिपण सौ.च्या हातात दिलं, सराव म्हणून नमुना माहिती दिली आणि शेजारी बसलो. अट एकच, मी बोलायचं नाही. सांगतो, हे फार अवघड आहे. आपण शिक्षक, समोरचा अडला की तोंड उघडतंच! पण जिथे जिथे बोलावंसं वाटतं, तिथे तिथे टिपणात एक वाक्य कमी आहे असं समजा. मी सहा वेळा ओठ दाबले आणि सहा वाक्यं वाढवली.

शब्दांचंही सांगायला हवं. आपल्याला शुद्ध मराठीचा सोस असतो, मलाही आहे. पण पडद्यावर इंग्रजीत ‘सेव्ह’ असेल आणि आपण ‘जतन करा’ लिहिलं, तर वाचणारा पडद्यावर ‘जतन’ शोधत बसतो. बटणाचं नाव पडद्यावर ज्या लिपीत, ज्या स्पेलिंगने आहे तसंच्या तसं ठेवा आणि ते दाबल्याने काय होतं ते मात्र मराठीत सांगा. (इथे मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.) आणि एकाच गोष्टीला एका ठिकाणी ‘टॅब’, दुसरीकडे ‘बटण’, तिसरीकडे ‘पर्याय’ म्हणू नका. निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळायला आपण मुलांना शिकवतो. इथे नेमकं उलट आहे.

आता आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. त्याआधीच्या टिपणांत ‘जिल्ह्यांच्या यादीत औरंगाबाद निवडा’ असं लिहिलेलं होतं. इंग्रजी वर्णक्रमाच्या यादीत जे नाव अगदी वर ‘ए’मध्ये सापडायचं, ते नव्या नावाने ‘सी’मध्ये गेलं. काही याद्यांत जुनंच नाव राहिलं. त्यात बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, म्हणजे राज्य निवडायचं राहिलं तर गोंधळ ठरलेला. टिपण लिहिलं तेव्हा बरोबर होतं, पण ते केव्हा लिहिलं हे त्यावर नव्हतं, म्हणून वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर शेवटच्या तपासणीची तारीख टाका. एवढी एक ओळ पुष्कळ मनस्ताप वाचवते.

पण तारीख टाकूनही एक अडचण उरते, ती व्हॉट्सअ‍ॅपची. पीडीएफ एकदा ग्रुपवर गेली की ती आपली राहत नाही. मी चूक सुधारून नवी पाठवली, तरी जुनी आणखी किती ग्रुपांत फिरत होती देव जाणे. आता मी पीडीएफऐवजी गुगल डॉक्सची लिंक देतो, इतरांना फक्त वाचण्याची परवानगी ठेवून. दुरुस्ती एकाच जागी होते आणि व्हर्जन हिस्टरीत आधी काय होतं तेही दिसतं. प्रोग्रामर मंडळी हेच काम गिट वापरून करतात आणि मजकूर मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहितात. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ती आणली. ओळीच्या सुरुवातीला # दिला की शीर्षक होतं, 1., 2. लिहिलं की पायऱ्या होतात. शिकायला अर्धा तास पुरे. आपल्याला ती लागेलच असं नाही, पण आठवी-नववीच्या मुलांना जरूर दाखवा.

आणि हो, टिपण युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं टिपण दुसऱ्याच्या मोबाईलवर कचरा दिसतं आणि शोधूनही सापडत नाही. यावर जास्त बोलत नाही, आपण सगळे भोगलेलो आहोत.

डॅनिएले प्रोचिदा या लेखकाने मांडलेली डायटॅक्सिस नावाची एक विभागणीही इथे सांगतो. त्याच्या मते मार्गदर्शक लेखन चार प्रकारचं असतं : नवख्याला हात धरून शिकवणारा पाठ, एखादं काम पार पाडायची कृती, बघायला लागणारा संदर्भ, आणि ‘असं का?’ हे समजावणारा लेख. मुलाची बदली दुसऱ्या शाळेत कशी नोंदवायची, ही कृती. कोणता कोड कशासाठी, हा संदर्भ. प्रत्येक मुलाला कायम क्रमांक का दिला, हा समजावणारा लेख. माझ्या टिपणात पहिलं अख्खं पान ‘असं का’वर होतं. रात्री दहा वाजता, नेट येतंय-जातंय, उद्या शेवटची तारीख, अशा वेळी ते कोण वाचणार? आता ते मी वेगळ्या पानावर टाकतो.

पालकांनो, यात तुमच्यासाठीही एक उपक्रम आहे. मुलाला सांगा, आजीला मोबाईलवरून व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते एका कागदावर लिहून दे. मग तो कागद आजीच्या हातात द्या आणि मुलाला शेजारी बसवा, पण गप्प. मी हा उपक्रम पाचवीच्या वर्गाला घरी करायला दिला होता. एका मुलाने पहिली पायरी लिहिली होती, ‘हिरव्या चिन्हावर दाब.’ आजीच्या मोबाईलवर हिरवी चिन्हं तीन निघाली. दुसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा लिहून आला, चिन्हाच्या आतला फोन काढून दाखवलेला, आणि खाली स्वतःहून तारीख टाकलेली.