आधी यादी, मग कुपन

पोरी, नवा संसार मांडते आहेस, म्हणून मावशीचं एवढं ऐक. कुपन बघून यादी करायची नाही. आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायचे, यादी लिहायची आणि मग त्या यादीला कुठलं कुपन लागतं ते शोधायचं. ही सवय मला मुंबईत लागली. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आम्ही शेजारणी होतो. महिन्याची मागणी आधीच लिहून द्यावी लागायची, त्यामुळे घरात काय संपलंय हे दुकानात नाही, घरातच ठरायचं.

आता तुझ्या मोबाइलवरच्या कुपनाचा हिशेब. समज, यादीचं सामान 760 रुपयांचं झालं आणि कुपन म्हणतं, 999 च्या वर 150 रुपये सूट. तू 240 ची वस्तू वाढवलीस, तर बिल 1000, सूट जाऊन 850. म्हणजे खिशातून 90 रुपये जास्तच गेले. ती वस्तू पुढच्या महिन्यात लागणारं तेल असेल तर 240 चा माल 90 ला पडला, जरूर घे. पण नुसती आवडली म्हणून घेतलेली बरणी असेल तर ते 90 रुपये वाया गेले. घरपोच आणण्याचे पैसे वेगळे लागत असतील तर तेही यात धर.

‘20 टक्के सूट’ या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरात ‘कमाल 75 रुपये’ असतं. म्हणजे 375 रुपयांपर्यंतच ती खरी 20 टक्के. दीड हजाराच्या वाणसामानावर ती जेमतेम 5 टक्के उरते. तेवढ्यासाठी नेहमीच्या वाण्याला सोडू नकोस. त्याला आधी भाव विचार, महिन्याचं सामान एकदम घेणाऱ्याला तो कुपनाशिवायही कमी करतो.

मोठं पाकीट स्वस्तच, असंही धरून चालू नकोस. एक किलो 180 ला आणि अर्धा किलो 85 ला असेल तर दोन छोटी घे, 10 रुपये वाचतील.

साठवण करायची ती अंगाच्या साबणाची, कपड्यांच्या पावडरीची. साबण तर कागद काढून कपाटात ठेव, वाळला की कमी झिजतो. रवा, पोहे, डाळीचं पीठ मात्र पावसाळ्याच्या तोंडावर कितीही सवलत असली तरी जास्त भरू नकोस. मी एकदा ‘एकावर एक’ म्हणून चार किलो रवा आणला होता. श्रावणात त्यात अळ्या झाल्या. अन्न टाकताना हात जड झाला होता गं, अजून आठवतं. आणि तारीख बघत जा, कुपनाचीही आणि पाकिटावरचीही. जवळची तारीख आलेला मालच पुष्कळदा सवलतीत निघतो.

बक्षिसाचं कुपन लागलंय म्हणून कुणी फोनवर पिन मागितला तर तिथेच फोन ठेव. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर कुणी एक रुपया जास्त लावला तर तिथेच विचार, आणि ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कर. त्यासाठी बिल लागतं, म्हणून सामान डब्यांत भरून, बिलाशी ताडून होईपर्यंत ते फेकू नकोस. सूट खरंच वजा झाली का, तेही त्याच वेळी बघ.