जुन्या गाडीच्या अंतर्भागाविषयी भाच्यास पत्र

पुणे, कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. आजोबांची १९६८ सालची फियाट डिलाइट विकावयाची नाही, तिचा अंतर्भाग होईल तितका स्वतःच्या हाताने दुरुस्त करावयाचा, हा तुझा निश्चय वाचून मला मनापासून आनंद झाला. परंतु त्याच पत्राच्या शेवटी, चिपळुणातील एक गृहस्थ आतील सर्व जुने सामान उपटून टाकून महिन्याभरात गाडी नवीकोरी करून देण्यास तयार आहेत आणि तुझे मन तिकडे थोडे ओढ घेत आहे, असे जे तू लिहिलेस, त्यामुळे हे उत्तर सविस्तर लिहिणे मला भाग आहे. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती बदलू नये, आणि जी बदलल्यावाचून गत्यंतरच नाही ती बदलताना प्रथम ज्याने ती केली त्याने ती कशी व का केली याची पुरती खातरजमा करून मगच तिला हात लावावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ही गाडी कोठून आली हे ध्यानात घेतलेस तर माझा आग्रह तुला अनाठायी वाटणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून गाड्या तयार होऊ लागल्या. तुझ्या गाडीचा मूळ नमुना इटलीत १९६२ साली निघाला व तेथे तो काही वर्षांतच मागे पडला. आपल्याकडे मात्र तोच पुढे पद्मिनी या नावाने शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत राहिला, आणि मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने इतका टिकला की २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळेच २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. या दीर्घायुष्याचे एक कारण असे की या गाडीत दुर्बोध असे काही नव्हते. पत्रा, स्प्रिंगा, काथ्या, गोणपाट, रेक्झिन, पुठ्ठ्याच्या फळ्या आणि स्क्रू यांनी तिचा अंतर्भाग सिद्ध झालेला आहे. यांपैकी प्रत्येक वस्तू उकलता येते आणि उकललेली पुन्हा जोडता येते. आजच्या गाड्यांतील साच्यातून ओतलेले प्लॅस्टिकचे अवयव एकदा तडकले की फेकून देण्यापलीकडे फारसा इलाज नसतो. तुझ्या गाडीला तो शाप नाही, आणि म्हणूनच तिच्यातील मूळ सामान उपटणाऱ्याला माझ्या दृष्टीने कोणतीही सबब उरत नाही.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी करण्याची तजवीज २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झाली असून, गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी तिची अट आहे. आसनाखालचा काथ्या मूळचा आहे की नाही हे कोणी अधिकारी तपासावयास येणार नाही. तो सर्व भाग तुझ्या विवेकावर सोपविलेला आहे, आणि जेथे पंचनामा होत नाही तेथेच माणसाचे काम कसे आहे हे कळते.

आता कामाचा क्रम. बहुतेक लोक आसनापासून आरंभ करतात, कारण फाटलेले रेक्झिन डोळ्यांत खुपते. तू पाण्यापासून कर. कोकणातील गाडीचा अंतर्भाग उन्हाने जितका जातो त्याहून अधिक ओलाव्याने जातो, आणि पाणी कोठून शिरते हे शोधून त्याचा बंदोबस्त केल्यावाचून आत घातलेले उत्तमातले उत्तम कापड दोन पावसाळ्यांत कुजेल. प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडव, आसने व रबरी पायपोस बाहेर काढ, आत एका माणसाला विजेरी देऊन बसव आणि बाहेरून नळीने पाणी सोड. पण ते खालून वर, टप्प्याटप्प्याने, म्हणजे गळती नेमकी कोणत्या सांध्यातून आहे हे कळेल. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन आखडले असेल तर तेथून, दाराच्या कडेचे रबर दबले असेल तर तेथून, असा एकेक मार्ग उघडकीस येईल. दारांच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी उतरणे हा दोष नव्हे, ते उतरणारच, ते खाली जाण्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात, आणि ती माती व रंगाने बुजली म्हणजे दार आतून कुजू लागते. ती छिद्रे तारेने मोकळी कर.

तळाच्या पत्र्यावरील डांबरी थर ठोकून पाहा. जेथे पोकळ आवाज येईल तेथे खाली गंज आहे असे समज. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने काढून, फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावून, पुसून, पुरते वाळवून त्यावर जस्तयुक्त किंवा रेड ऑक्साइडचा प्रायमर द्यावा. जेथे पत्रा चाळणी झाला असेल तेथे निरोगी धातू लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. गंजावर लांबी भरून वा फायबर चिकटवून तो झाकण्याची जी वहिवाट काही गॅरेजांत आहे, तिला तुझ्या घरी थारा देऊ नकोस, कारण झाकलेला गंज आतल्या आत वाढतच राहतो. वेल्डिंगच्या वेळी काथ्या, कापड, रेक्झिन यांतले काहीही गाडीत असू नये आणि पाण्याची बादली हाताशी असावी. छताचे अस्तर बदलावयाचे असेल तर त्याचा विचार याच टप्प्यावर कर, कारण त्याची कड बहुधा काचेच्या रबराखाली दडपलेली असते, आणि रबरासाठी काच उतरवलीच आहे तर ते काम त्याच वेळी उरकते. अस्तर ताणून धरणाऱ्या लोखंडी कमानी एकसारख्या दिसल्या तरी प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. काढतानाच त्यांवर क्रमांक घाल.

यानंतर रंग. तुझ्या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, हे भाग्य समज. मूळ रंगाची छटा ठरविताना उन्हाने विटलेल्या भागाकडे पाहू नकोस. स्पीडोमीटर काढल्यावर त्याच्या कडेखाली, किंवा सामानाच्या कप्प्याच्या आतल्या बाजूस, जेथे ऊन कधी पोहोचले नाही तेथे खरा रंग सापडेल, आणि तोच नमुना म्हणून दुकानदारापुढे ठेवावयाचा. जुना रंग कोरडा घासू नकोस, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. वॉटर पेपरने, पाणी लावून घास. त्या काळी अशा गाड्यांना नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ड्युको म्हणतात तो, रंग देत, आणि दमट हवेत तो मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतील बाष्प धरते व रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून हे काम पौष-माघाच्या कोरड्या हवेत, दुपारी कर. घाईने उरकू नकोस. कोणी टिकाऊपणासाठी पीयू रंगाचा आग्रह धरील. तो टिकतो हे खरे, परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फुप्फुसांस अत्यंत घातक आहे, आणि योग्य मास्क व मोकळ्या हवेची सोय असलेल्या कारागिरावाचून घरच्या पडवीत त्याचा फवारा मारण्याचे धाडस तू करू नयेस, ही माझी सक्त ताकीद आहे.

स्टिअरिंगच्या कड्याला आऱ्यांजवळ भेगा पडल्याचे तू लिहिलेस. आतील पोलादी कडे आणि वरचे कठीण प्लॅस्टिक यांचे उष्णतेने होणारे प्रसरण-आकुंचन सारखे नसते, शिवाय प्लॅस्टिक वर्षानुवर्षे आकसत जाते, त्यामुळे ताण जेथे अडतो तेथे ते फुटते. भेगेवर नुसता लेप देऊन उपयोग नाही. कानशीच्या कडेने ती भेग पोलाद दिसेपर्यंत रुंद कर, पोलादावर गंज असेल तर तो काढ, स्पिरिटने पुसून घे, आणि मग दोन भागांचे इपॉक्सी थोडे उंच भरून एक दिवस-रात्र त्याला हात लावू नकोस. त्यानंतर कानस, मग आधी जाड व क्रमाने बारीक काचकागद, आणि शेवटी रंग. डोळे मिटून बोट फिरव. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला कळतो, आणि स्टिअरिंग ही तर हाताचीच वस्तू आहे.

आता आसने, आणि येथे मात्र मी तुला सावकाश चालावयास सांगणार आहे. आसन उलटे कर आणि काही उकलण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घे. रेक्झिन लोखंडी कड्यांनी चौकटीला अडकविलेले असते; त्या पकडीने एकेक उघड. आत कापूस, त्याखाली काथ्या, त्याखाली गोणपाट आणि सर्वांत खाली स्प्रिंगा असा थर दिसेल. आसन खचले म्हणजे स्प्रिंगा गेल्या असे लोक धरून चालतात. परंतु पुष्कळदा स्प्रिंगा शाबूत असतात, मधले गोणपाट फाटून काथ्या त्यांत उतरलेला असतो, आणि नवे गोणपाट ताणून बांधले, काथ्या धुऊन, उन्हात वाळवून, हाताने पिंजून त्यात थोडी नवी भर घातली की आसन आपल्या मूळ उंचीवर येते. स्पंजाची एक सलग लादी घालून सर्व काम एका दुपारी संपविता येते खरे, पण लादीने बैठकीची उंची बदलते, आणि त्याबरोबर चालकाची नजर, हात आणि पाय यांचा स्टिअरिंगशी व पेडलांशी असलेला संबंधही बदलतो. शिवाय काथ्यातून हवा खेळते, तशी लादीतून खेळत नाही. अगदी वरच्या थराला पातळ स्पंज दिलास तर माझी हरकत नाही.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेला प्लॅस्टिकचा थर. त्याला मऊ ठेवणारे द्रव्य काळाने निघून जाते म्हणून ते कडक होऊन चिरते, आणि खोबरेल तेल वा पॉलिश चोळून गेलेला मऊपणा परत येत नाही. उलट त्या तेलामुळे पुढे सोल्युशन धरत नाही. भेग लहान असेल तर मागून कापडाची पट्टी लवचीक सोल्युशनने चिकटव. शिवण उसवली असेल तर जुन्याच छिद्रांतून दाभणाने पुन्हा शिव, कारण शेजारी नवी छिद्रे पाडलीस तर ताण पडताच रेक्झिन टपालाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटेल. एखादा भाग बदलणे अटळच असेल तर जुने तुकडे ब्लेडने उसवून, प्रत्येकाच्या पाठीवर खडूने क्रमांक व जुळणीच्या खुणा करून, ते सपाट दाबून त्यांवरून जाड कागदाचे बेत काप. फाटके तुकडे नवे आसन बसेपर्यंत टाकू नकोस, तेच तुझे दप्तर. घरच्या शिलाई यंत्राला हे काम झेपणार नाही. त्यासाठी तुमच्या बाजारपेठेत गाड्यांची आसने शिवणारा कारागीर शोध, त्याला अहोजाहो कर, मागेल ती मजुरी दे, आणि पायपिंग तो कशी घालतो, कोपऱ्यावर कापड कसे वळवितो, हे शेजारी बसून पाहा; या विद्येची पुस्तके क्वचितच असतात, ती अशा माणसांच्या बोटांत असते आणि त्यांच्याबरोबर जाते. चौकटीवर चढविण्यापूर्वी रेक्झिन भर उन्हात पसरून ठेव. कोमट झाले की ते सुरकुती न पडता ताणले जाते.

दारांच्या आतील फळ्या ओलाव्याने फुगून वाकल्या असतील. त्यांच्या मापाच्या नव्या फळ्या कापून घे आणि रेक्झिन लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंना, विशेषतः कडांना व छिद्रांच्या आतल्या काठांना, व्हार्निशचे हात दे. फळी आणि दाराचा पत्रा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक कागद हवा. पूर्वी कोणी तरी दार उघडून तो फेकून दिला असण्याचा बराच संभव आहे. काच वरखाली करणारी मूठ जोराने ओढू नकोस, तिच्यामागची चकती दाबून आत पिन दिसते का ते पाहा. मुठींवरील क्रोमला बारीक फोड आले असतील. त्या जस्ताच्या ओतीव असल्या तर घासण्याने अधिकच बिघडतील, म्हणून साबणाने धुऊन मेण लाव आणि तशाच राहू दे. नंतरच्या पद्मिनीचे पुष्कळ सामान तुझ्या गाडीला बसते व ते स्वस्तही मिळते, परंतु बसते एवढ्याच कारणाने ते लावू नये. आजोबांच्या कोपराने झिजलेला दारावरील हाताचा टेका मजबूत असेल तर त्यास हात लावू नकोस. ती गाडी मिळावी म्हणून त्या काळी माणसे नावे नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि तिचा वापर कसा झाला याचा दाखला अशा झिजेखेरीज आता अन्यत्र कोठेही नाही.

एक जाडशी वही घालून तीत निघालेल्या प्रत्येक स्क्रूची, त्याच्या जागेसह, नोंद कर. स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत ठेवून पाकिटांवर वहीचाच क्रमांक घाल, आणि तारा सोडविण्यापूर्वी त्यांना चिठ्ठ्या बांध.

मागच्या आसनाच्या खाली दुमडलेल्या भागातून, जेथे रंग उडालेला नाही तेथून, रेक्झिनचा बोटभर तुकडा कापून पायपिंगच्या नमुन्यासह पाकिटातून मजकडे पाठीव. नाना पेठेत जुन्या सामानाची चौकशी करून, जुळणारे कापड मिळाल्यास किती वार घ्यावे ते ठरवू. त्यासाठी दोन्ही आसनांची लांबी, रुंदी व पाठीची उंची यांचे मापही त्याच पाकिटात असावे. चिपळूणच्या त्या गृहस्थांस नम्रपणे नकार कळव. ताईस साष्टांग नमस्कार, तुझ्या वडिलांस नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मामा