पहिली एरर आधी वाचा

खडकवासल्यात पाण्याची गणितं मांडणारी माणसं जुनी आहेत. १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र इथलंच. तिथे नद्यांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत खरं पाणी सोडतात. माझा त्या संस्थेशी संबंध नाही. माझं काम पुराच्या मॉडेलमधून आलेले आकडे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर उतरवून देण्याचं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तेव्हापासून पंचवीस वर्षांची निळी पूररेषा आणि शंभर वर्षांची लाल पूररेषा आपल्या सोसायटीच्या कुठून जाते, हे विचारणारे वाढलेत.

क्यूजीआयएसची पायथनमधली प्लगिन्स नुसती टाकली की चालतात. सी++ मधली मात्र सोर्सवरून बिल्ड करावी लागतात, आणि तिथे लाल अक्षरांचा पूर येतो. त्यात उभं राहून शिकलेल्या या गोष्टी.

१. पहिली एरर वाचा, शेवटची नाही. एक हेडर सापडलं नाही की त्यातला प्रत्येक प्रकार अनोळखी ठरतो आणि त्यापायी शेकडो एरर पडतात. सगळ्यांचा बाप एकच. त्यात ‘मेक’ आठ कोअरवर चालवलं असेल तर आठ फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळतात. म्हणून बिल्ड अडली की ‘मेक -जे१’ लावायचं, सगळं आउटपुट एका फाइलीत घ्यायचं आणि ‘एरर’ हा शब्द वरून शोधत यायचं. टेम्प्लेटची पानभर एरर आली तर ‘रिक्वायर्ड फ्रॉम हिअर’ ही ओळ शोधा. तुमच्या स्वतःच्या फाइलीचा ओळक्रमांक बहुधा तिथेच असतो.

२. तक्रार कोणाची आहे ते ओळखा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही कंपायलरची एरर नाही, लिंकरची आहे. हेडर मिळालं, कोड पटला, पण फंक्शनचा प्रत्यक्ष देह असलेली लायब्ररी मिळाली नाही, किंवा स्टॅटिक लायब्ररी चुकीच्या क्रमाने दिली. ‘अनडिफाइन्ड सिंबल’ ही आणखी पुढची पायरी: बिल्ड सुखरूप झाली, पण क्यूजीआयएस प्लगिन उघडायला गेलं तेव्हा मशीनवर दुसऱ्याच आवृत्तीची लायब्ररी निघाली. तिथे सोर्स वाचत बसण्यात अर्थ नसतो. ‘एलडीडी’ चालवून प्लगिन कोणती लायब्ररी उचलतंय ते बघायचं.

३. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’चे अर्थ दोन. पहिला सोपा: लायब्ररी आहे, पण तिचं ‘-डेव्ह’ पॅकेज टाकलेलं नाही. दुसरा फसवा: ती फाइल आता जगातच नाही. क्यूजीआयएस २ च्या काळातल्या प्लगिनात ‘क्यूजीएस-मॅपलेअर-रजिस्ट्री’चं हेडर हमखास असे. २०१८ मध्ये आवृत्ती ३ आली, क्यूटी ४ जाऊन क्यूटी ५ आलं, आणि त्या रजिस्ट्रीचं काम ‘क्यूजीएस-प्रोजेक्ट’कडे गेलं. असं हेडर शोधायला कितीही पॅकेजेस टाका, ते मिळायचं नाही. कोडच बदलावा लागतो.

४. सोर्सचं वय आणि कंपायलरचं वय ताडून बघा. माझ्या मते बहुतेक बिल्ड इथेच अडतात. कोड लिहिणाऱ्याने लिहिला तेव्हा तो सुरळीत चालत होता. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती १० पासून (२०२०) फोरट्रानमध्ये फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंट्सचे प्रकार जुळले नाहीत तर थेट एरर येते. नद्यांची जुनी मॉडेल्स बरीचशी फोरट्रानमध्येच आहेत, त्यामुळे आमच्या धंद्यात हा दणका मोठा होता. त्यावर ‘-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा फ्लॅग आहे आणि जुन्या, तपासलेल्या कोडसाठी मी तो बिनदिक्कत लावतो. जीसीसी १३ ने आपल्याच हेडरांतली काही आतली जोडणी काढली. कंपायलर ‘यूइंट३२_टी’ ओळखत नाही म्हणाला तर ‘सीएसटीडीइंट’ची एक इन्क्लूड ओळ वर टाकली की भागतं.

जीसीसी १४ ची गोष्ट वेगळी. सी मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग येई, आता एरर येते. लोक वैतागून ती पुन्हा वॉर्निंग करून टाकतात. तसं करू नका. अशा फंक्शनचं उत्तर कंपायलर ‘इंट’ धरून चालतो. ते खरं तर पॉइंटर असेल तर ६४ बिटांच्या मशीनवर त्याचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. इथे कंपायलरचं बरोबर आहे.

वॉर्निंगलाही एरर ठरवणारी ‘-डब्ल्यूएरर’ मात्र खुशाल काढा. ती लेखकाने स्वतःच्या शिस्तीसाठी लावलेली असते.

५. फ्लॅग किंवा पॅकेज बदललं की बिल्डचा फोल्डर अख्खा उडवा. सीमेक पूर्वी सापडलेले पत्ते आपल्या कॅशमध्ये जपून ठेवतो आणि नवी लायब्ररी समोर असली तरी जुनीच धरून बसतो.

६. फोल्डरच्या नावात स्पेस नको. ‘पूररेषा नवीन’ हे ‘मेक’ला दोन शब्द दिसतात.

७. ‘किल्ड’ एवढंच लिहून बिल्ड थांबली तर कोड निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त, रॅम संपली. कोअर कमी करा.

८. बिल्डला हात घालण्याआधी ती लागते का, तेही बघा. पुराच्या मॉडेलची जाळी दाखवायला पूर्वी क्रेफिश नावाचं प्लगिन लागे, आणि त्याच्या पोटात सी++ ची लायब्ररी होती. आता जाळीचे थर मूळ क्यूजीआयएसच एमडीएएल लायब्ररीतून वाचतं. टेलिमॅक किंवा हेक-रास या मॉडेलची फाइल थेट उघडते, काही बांधावं लागत नाही.

९. दुरुस्ती जमली तर ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. सोबत कंपायलरची आवृत्ती, लिनक्सची आवृत्ती आणि ती पहिली एरर जशीच्या तशी द्या. स्क्रीनचा फोटो नको. त्यातला मजकूर कोणाला शोधता येत नाही.