सेवकाची निवड करताना



लवकरच आपल्या धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलची नव्याने निवड होईल. आळीआळीतून नावे पुढे येतील. त्याआधी, आरंभीच्या ख्रिस्तसभेने आपली माणसे कशी निवडली ते आपण पाहू या. 'प्रेषितांची कृत्ये' ६:१-७ मध्ये ती हकीकत आहे. सर्वांनी ती घरी जरूर वाचावी.

१. तक्रार ऐकणारे कान

जेरुसलेमच्या श्रद्धावंतांत दोन भाषांचे लोक होते. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांना गप्प बसवले नाही. सर्व शिष्यांना एकत्र बोलावून त्यांनी सातजण निवडायला सांगितले. त्यांच्या अंगी तीन गोष्टी हव्या होत्या: लोकांत चांगले नाव, पवित्र आत्म्याची परिपूर्णता आणि सुज्ञपणा.

स्तेफन, फिलिप आणि त्यांचे पाच सोबती निवडले गेले. सातही नावे ग्रीक आहेत. त्या काळी स्थानिक यहुद्यांतही ग्रीक नावे असत, म्हणून केवळ नावांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. तरीही ज्यांची कुरकुर होती त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले, असे दिसते. स्वतःच्या हातातला अधिकार असा वाटून देणे सोपे नसते.

२. हुशारी आणि शील

माणूस निवडताना आपण काय पाहतो? बोलतो छान, ओळखी दांडग्या, सणाला देणगी मोठी. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात ख्रिस्तसभेच्या अध्यक्षाचे गुण सांगितले आहेत. त्या लांब यादीत कौशल्य म्हणावे असे मुख्यतः एकच आहे: शिकवण्याची हातोटी. बाकी बहुतेक सारे वागणुकीचे आहे. तो संयमी असावा, पाहुण्यांचे स्वागत करणारा असावा. मद्यपी, भांडखोर किंवा पैशाचा लोभी नसावा. घर नीट सांभाळणारा असावा. श्रद्धेत अगदी नवखा नसावा, नाहीतर गर्वाने फुगेल. ख्रिस्तसभेबाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. सेवकांविषयी तर पौल सांगतो की आधी त्यांची पारख करा, मग काम द्या.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल शिकवीत असे की शील हे सवयीतून घडते. न्यायाने वागत वागत माणूस न्यायी होतो. म्हणून 'एकदा पद मिळू दे, मग सुधारेल' ही आशा फोल आहे. आळीच्या वर्गणीचा हिशेब जो वर्षानुवर्षे दाखवत नाही, तो चर्चचा हिशेबही दाखवणार नाही.

३. खरे बोलण्याचे धैर्य

१९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात फायनान्स कमिटी असलीच पाहिजे (कलम ५३७). पॅरिश कौन्सिलचे मत मात्र सल्ल्यापुरते असते (कलम ५३६). 'मग उपयोग काय?' असे काहीजण विचारतात. सल्ला देणारा खरे बोलला आणि धर्मगुरूंनी तो मनापासून ऐकला, तर उपयोग फार मोठा आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी बांधवांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (गलतीकरांस २:११-१४). त्यामुळे ख्रिस्तसभा दुबळी झाली नाही. आम्हा धर्मगुरूंनाही नुसती मान डोलावणारी माणसे नकोत. आमचे चुकते तिथे प्रेमाने, पण समोरासमोर सांगणारी माणसे हवीत. पाठीमागे बोलणे हा सल्ला नव्हे.

चिंतनासाठी

• ज्याचे नाव मी सुचवणार आहे, त्याच्या घरचे आणि शेजारचे लोक त्याच्याविषयी काय म्हणतील?
• आपल्या धर्मग्रामात कुणाची तक्रार अजून ऐकली गेलेली नाही: विधवांची, भाडेकरूंची, बाहेरगावाहून आलेल्यांची?
• मी आजवर जे फक्त मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुजबुजलो, ते सभेत बोलायला तयार आहे का?

हे प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्यातून तुला हवी ती माणसे निवड, आणि आम्हा सर्वांना ऐकणारे कान दे. आमेन.