लाभार्थी मोजले, लाभ कोणी मोजला?

गरिबी हटविण्यासाठी आपल्या देशात आजवर अनेक योजना आल्या. प्रत्येक योजनेचा अहवाल निघतो. किती कुटुंबांना लाभ दिला, किती रक्कम वाटली, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले, हे सर्व आकडे त्यात असतात. परंतु त्या कुटुंबांची गरिबी हटली काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र क्वचितच सापडते. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे या योजनांच्या याद्यांत आलेली आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा नाही, तो आपलाही आहे. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. कर्जाच्या खतावण्या आमच्याच हातून लिहिल्या जातात. त्या अनुभवाच्या आणि थोड्याफार वाचनाच्या आधारे या विषयाची तोंडओळख करून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक जुने उदाहरण

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, म्हणजेच खेडोपाडी 'आयआरडीपी' या नावाने ओळखली गेलेली योजना, ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. १९७८-७९ मध्ये निवडक विकास गटांत सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व गटांत लागू झाला. १ एप्रिल १९९९ रोजी तो स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आला. कल्पना सोपी होती. गरीब कुटुंबाला दुभती म्हैस, शेळ्या, बैलजोडी, शिलाई यंत्र असे उत्पन्नाचे साधन घेऊन द्यावयाचे. किमतीचा काही भाग सरकारी अनुदान आणि उरलेले बँकेचे कर्ज. साधनातून उत्पन्न वाढेल, त्यातून हप्ता फिटेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर येईल, अशी अपेक्षा होती.

आता ही योजना यशस्वी झाली की नाही, हे कसे ठरवावे? प्रचारात असलेली तीन मापे आपण तपासून पाहू.

पहिले माप वाटपाचे. इतकी कर्जप्रकरणे मंजूर झाली, म्हणजे इतके काम झाले. हे माप सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे आहे. म्हैस गोठ्यात आली एवढेच ते सांगते. तिला चारा मिळाला काय, गावात दूध घेणारी सोसायटी आहे काय, भाकड काळात घर कसे चालले, म्हैस दगावल्यावर कानातला बिल्ला देऊन विम्याची रक्कम हाती आली काय, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. म्हैस गेली आणि थकबाकी राहिली, तर ते कुटुंब पूर्वीपेक्षाही खाली जाते. कारण थकबाकीदाराला पुढचे कर्ज मिळत नाही. वाटपाच्या तक्त्यात मात्र त्याची नोंद लाभार्थी म्हणूनच राहते.

दुसरे माप परतफेडीचे. आम्हा बँकवाल्यांना हे जवळचे वाटते. पण हप्ता वेळेवर आला, म्हणून कुटुंब सुधारले असे म्हणता येत नाही. शेळी विकून हप्ता भरता येतो, सावकाराकडून उचल घेऊनही भरता येतो. उलट, ज्याचे बरे चालले आहे तोही कर्जमाफीच्या आशेने हप्ता थांबवतो. १९९० साली दहा हजार रुपयांपर्यंतच्या ग्रामीण कर्जांना केंद्र सरकारने माफी दिली, तेव्हा परतफेडीच्या आकड्यांवरून गरिबीचा अंदाज बांधणे आणखीच कठीण झाले. परतफेड हे बँकेच्या प्रकृतीचे माप आहे, कर्जदाराच्या घराचे नव्हे.

तिसरे माप दारिद्र्यरेषेचे. येथे थोडे गणित करू. सातव्या पंचवार्षिक योजनेत पाच जणांच्या ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक ६,४०० रुपये ही रेषा धरली होती आणि ती १९८४-८५ च्या किमतींवर आधारलेली होती. समजा, एका शेतमजूर कुटुंबाचे त्या वर्षीचे उत्पन्न ४,८०० रुपये होते. त्याला म्हैस मिळाली. काही वर्षांनी पाहणी झाली तेव्हा उत्पन्न ७,००० रुपये भरले. कागदावर कुटुंबाने रेषा ओलांडली! परंतु दरम्यान महागाई एक तृतीयांशाने वाढली असेल, तर रेषाही सुमारे ८,५३० रुपयांवर गेली. म्हणजे कुटुंब अजून रेषेखालीच आहे. शिवाय त्याची मजुरी महागाईच्या प्रमाणात आपोआप वाढली असती, तर म्हैस नसतानाही उत्पन्न ६,४०० रुपये झाले असते. म्हणजे म्हशीमुळे पडलेला फरक २,२०० रुपयांचा नसून फक्त ६०० रुपयांचा आहे, आणि त्यातून हप्ता वजा व्हावयाचा आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्याच रथ यांनी पुढे १९८५ साली या कार्यक्रमाने गरिबी हटेल काय, असा थेट प्रश्न विचारला. सर्वांना जनावरे आणि कर्ज देण्यापेक्षा गरिबांना मजुरीचे खात्रीचे काम देण्यावर भर असावा, असे त्यांचे मत होते. यावर विद्वानांत बराच वाद झाला.

नसती तर काय झाले असते?

वरील गणिताचे सार एवढेच की, 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना पुरेशी नाही. खरा प्रश्न असा आहे: योजना मिळाली नसती, तर याच कुटुंबाचे काय झाले असते? एकच कुटुंब योजनेसह आणि योजनेविना अशा दोन्ही स्थितींत एकाच वेळी आपल्याला पाहता येत नाही. मग शेजाऱ्याशी तुलना करावी काय? तेथेही अडचण आहे. ज्याला कर्ज मिळाले तो बहुधा अधिक धडपड्या असतो. त्याला जामीनदार मिळतो, पंचायत समितीत ओळख असते. तो पुढे गेला तर ते योजनेमुळे की त्याच्या मूळच्या परिस्थितीमुळे, हे सांगता येत नाही.

यावर अभ्यासकांनी काढलेला मार्ग चिठ्ठ्या टाकण्याचा आहे. पैसा सर्वांना एकदम पुरत नसेल, तर प्रथम कोणाला द्यावयाचे हे सोडतीने ठरवावे. मोठ्या संख्येने निवड केल्यास दोन्ही गट सरासरीने सारखे असतात, म्हणून पुढे पडणारा फरक योजनेचा मानता येतो. मेक्सिको देशात १९९७ साली मुलांना शाळेत पाठविणाऱ्या व आरोग्य तपासणी करणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देणारी 'प्रोग्रेसा' योजना सुरू झाली. पाहणीसाठी घेतलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती आधी आणि १८६ गावांत नंतर लागू केली. माध्यमिक शाळेतील, विशेषतः मुलींची, पटसंख्या वाढल्याचे तुलनेत स्पष्ट दिसले. कोणालाही कायमचे वंचित ठेवले नाही, फक्त क्रम सोडतीने लावला, हे येथे नमूद केले पाहिजे.

आपल्या देशातही असे अभ्यास झाले. हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत सूक्ष्म कर्ज आधी देऊन अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. छोट्या धंद्यांतील गुंतवणूक वाढली, काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या, पण कुटुंबाच्या एकूण खर्चात लक्षणीय वाढ आढळली नाही. कर्जाचा उपयोग नाही असा याचा अर्थ नव्हे, मात्र केवळ कर्जाने गरिबी हटते हा दावा टिकला नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना याच पद्धतीच्या कामाबद्दल २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनावर तेच, फळ वेगळे

बांगलादेशातील 'ब्रॅक' संस्थेने २००२ पासून अतिगरीब स्त्रियांसाठी वेगळी पद्धत सुरू केली. त्यातही गाय, शेळी अशीच साधने होती. परंतु ती कर्जाऊ नव्हती. सोबत काही महिने खावटीसाठी पैसे, प्रशिक्षण, बचतीची सवय आणि नियमित घरभेटी दिल्या जात. याच धर्तीवर सहा देशांत सोडतीने तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही एकूण सुधारणा टिकून होती. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात तर दहा वर्षांनंतरही फरक दिसला. मात्र होंडुरास देशात दिलेल्या कोंबड्या रोगाने मोठ्या प्रमाणात मेल्या आणि तेथे खर्चाच्या मानाने फायदा झाला नाही. शेळी-कोंबडी दिली की गरिबी हटते असे नाही, आणि हटत नाही असेही नाही. सोबत काय दिले आणि संकट आल्यावर पाठीशी कोण उभे राहिले, यावर बरेच अवलंबून असते. मोजले म्हणूनच हे कळले.

अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सरासरीत काहींचे नुकसान झाकले जाते. जमिनीचे वाटप किंवा जातीमुळे नाकारली जाणारी संधी असे प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडविता येत नाहीत. न्याय्य हक्क देण्यासाठी पाहणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या मंडळांनी काय करावे?

समाजातील अनेक मंडळे वह्यावाटप, शिष्यवृत्ती, शिवणवर्ग चालवितात. त्यांच्यासाठी पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) मदत देण्यापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. नंतर आठवून लिहिलेली माहिती भरवशाची नसते.
२) काय बदलावे हे आधीच ठरवावे. शिवणवर्गाचे माप प्रमाणपत्रे नव्हे, वर्षानंतर शिवणकामातून कमावणाऱ्या भगिनींची संख्या होय.
३) जागा तीस आणि पात्र अर्ज साठ असतील, तर ओळखीने न निवडता सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. उरलेल्या तीस जणींना पुढच्या वर्गात प्रवेश द्यावा आणि त्याआधी दोन्ही गटांची विचारपूस करावी. एवढ्या लहान संख्येवरून पक्का निष्कर्ष निघणार नाही, पण दिशा कळेल आणि वशिल्याची तक्रारही राहणार नाही.
४) विचारपूस मदत देणाऱ्याने करू नये. देणाऱ्याच्या तोंडावर कोणी 'उपयोग झाला नाही' म्हणत नाही.
५) जे साधले नाही तेही वार्षिक अहवालात छापावे.

देणगीदाराचा एकेक रुपया कष्टाचा असतो आणि घेणाऱ्याचे एकेक वर्ष त्याहून मोलाचे असते. शिवणवर्गात गेलेले वर्ष एखाद्या मुलीला परत मिळत नाही. म्हणून पुढील वर्षीच्या अहवालात प्रत्येक मंडळाने लाभार्थींच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना आखावा: 'एक वर्षानंतरची स्थिती'. तो भरण्यासाठी घरोघरी जाणारे दोन तरुण प्रत्येक वस्तीत सहज मिळतील.